पहिल्या वर्षाची मुले

मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशनची पहिली परीक्षा १८५९ साली झाली. शंभराहून अधिक उमेदवार बसले आणि उत्तीर्ण झाले ते जेमतेम वीस-बावीस. त्या थोडक्यांत आमच्या मालवणचा एक होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे नाव. १८३७ साली मालवणात जन्मलेला हा मुलगा वडिलांची बदली रत्नागिरीस झाली म्हणून इंग्रजी शिकला. बदली झाली नसती तर कदाचित तोही बंदरावरच्या एखाद्या कचेरीत कारकुनी करीत जन्म काढता. १८५३ साली तो मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला, १८६२ साली महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्याबरोबर विद्यापीठाचा पहिला पदवीधर झाला, आणि १८९३ साली त्याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

भांडारकरांचे चरित्र सांगण्याचा येथे हेतू नाही. ते थोरामोठ्यांनी लिहिलेलेच आहे. मला कुतूहल आहे ते मधल्या एका वर्षाचे. सोळा वर्षांचा कोकणातला मुलगा मुंबईसारख्या शहरात उतरला, त्याने वळकटी कोणाच्या दारात टाकली, पहिल्या दिवशी वर्ग कोठे आहे हे त्याने कोणाला विचारले, आणि इंग्रजी प्रोफेसराचे बोलणे कळेना तेव्हा तो काय करीत होता? चरित्रकार येथे घाई करतात. 'उच्च शिक्षणासाठी ते मुंबईस गेले' असे एक वाक्य येते, आणि पुढच्या परिच्छेदात नायक पदवीधर होऊन बसलेला असतो. आमच्या मसुऱ्यासारख्या गावातून दरसाल जून महिन्यात मुले कॉलेजाकडे रवाना होतात. कोणी मालवणला, कोणी कणकवलीला, कोणी थेट मुंबईला. त्यांना निरोप देणाऱ्या शाळामास्तराला ठाऊक असते की ज्यांचे पुढे चरित्र होत नाही ती मुले बहुधा त्या एका वाक्यातच कोठेतरी हरवलेली असतात.

म्हणून या लेखात इतिहास धुंडाळायचा आहे तो दोनच गोष्टींचा. पहिल्या वर्षाच्या मुलाला आधार कोणी दिला. आणि त्याला काही बोलायचे असेल तर ते ऐकून घेणारे कोणी होते काय. या दोन गोष्टी एकमेकींना फार चिकटलेल्या आहेत. कशा, ते हळूहळू दिसेल.

जुन्या काळी आपल्याकडे गरीब विद्यार्थ्याची सोय लावण्याची एक ठरलेली रीत होती. तो वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे सात यजमान. ज्याला वार मिळत नसत तो माधुकरी मागे. या रीतीने कित्येक बुद्धिमान मुले शिकली हे खरे, आणि ज्या माउलींनी स्वतःच्या पोरांच्या ताटातले काढून त्यांना वाढले त्यांचे उपकार विसरता येत नाहीत. परंतु ही सोय ठराविक जातींच्या मुलांपुरती होती, हे एक. आणि दुसरे असे की सात घरचे अन्न खाणारा मुलगा सातही घरी मान खाली घालून बसावयास शिकतो. आमटी आंबट आहे असे तोही म्हणू शकत नाही.

राजाश्रयाचीही तीच तऱ्हा. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास शास्त्रीपंडितांना दक्षिणा वाटली जात असे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी ती रक्कम एकाएकी बंद केली नाही. तिच्यातूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ साली लोकहितवादींसारख्या नव्या विचाराच्या मंडळींनी अर्ज केला की दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथ लिहिणारांना द्यावा. पुण्यात त्यावरून केवढा गहजब झाला! पुढे त्याच दक्षिणेतून कॉलेजात शिकणाऱ्या-शिकविणाऱ्या हुशार तरुणांना 'दक्षिणा फेलो' म्हणून वेतन मिळू लागले, आणि रानडे व भांडारकर हे दोघेही असे फेलो होते. श्रावणातल्या ब्राह्मणभोजनाच्या पैशातून विद्यापीठाचे पहिले पदवीधर पोसले गेले, ही इतिहासाची मोठी मौजेची गंमत आहे.

पण पोट भरल्याने एकटेपण जात नाही. त्यासाठी मुलांना बसायला, बोलायला एक जागा लागते. ती जागा मुंबईत ज्यांच्या प्रेरणेने तयार झाली त्यांतला पहिला माणूसही आमच्याच बाजूचा. देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. १८३२ साली 'दर्पण' काढणारे म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु एल्फिन्स्टनमध्ये अध्यापकाच्या मानाच्या जागी बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ होते, आणि दादाभाई नौरोजींसारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले, हे तितके सांगितले जात नाही. तरुणांनी एकत्र जमून विचार बोलून दाखवावेत म्हणून त्यांनी 'नेटिव्ह इंप्रूव्हमेंट सोसायटी' नावाची मंडळी जमविली होती. १८४६ साली ऐन उमेदीत ते गेले. दोनच वर्षांनी, १८४८ च्या जून महिन्यात, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपली सभा स्थापिली. 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' असे तिचे भारदस्त नाव.

या सभेकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. तिच्यात प्रोफेसर मंडळी होती, पॅटन नावाचे प्रोफेसर तिच्या अग्रभागी होते. पण निबंध वाचावयाचा तो विद्यार्थ्याने, आणि त्यावर बोलावयाचे तेही विद्यार्थ्यांनी. इंग्रजीत बोलताना जीभ अडखळते म्हणून मराठी आणि गुजराती शाखा वेगळ्या काढल्या. मराठी शाखेचे नाव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. नव्याने आलेल्या मुलाला आपल्या भाषेत तोंड उघडता यावे याची ही तजवीज पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे. आजच्या कित्येक कॉलेजांतून ती नाही!

आणि ही सभा नुसती बोलत बसली नाही. एका बैठकीत स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला. टाळ्या पडल्या. तेव्हा निबंध ठीक आहे, पण आता करणार काय, असा सवाल पॅटनसाहेबांनी टाकला. पोरे वयाने विशीच्या आसपासची. त्यांनी तो सवाल अंगाला लावून घेतला. १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. जागा नव्हती, तेव्हा ओळखीच्या घरी जाऊन ओटी-पडवी मागितली. पगार द्यायला पैसे नव्हते, तेव्हा सकाळी आपले वर्ग सुरू होण्यापूर्वी स्वतःच जाऊन शिकविले. सुरुवातीस चव्वेचाळीस पारशी मुली आणि चोवीस मराठी मुली आल्या. जगन्नाथ शंकरशेटांसारखा धनिक पाठीशी उभा राहिला. पुढे या विद्यार्थ्यांच्या सभेचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले डॉ. भाऊ दाजी लाड. तेही तेरेखोलच्या पलीकडचे, पेडण्याजवळच्या मांद्र्याचे. आमच्या किनाऱ्याचे नाव मी पुन्हा पुन्हा घेतो म्हणून वाचकांनी हसू नये. मुंबई जवळ नव्हती, पैसा नव्हता, तरी ही माणसे पोचली होती एवढेच सांगायचे आहे.

भांडारकर १८५३ साली मुंबईस आले तेव्हा ही सभा पाच वर्षांची होती आणि दादाभाई त्याच संस्थेत शिकवीत होते. सोळा वर्षांच्या मालवणी मुलाला दादाभाईंसारखा गणिताचा शिक्षक लाभला. मघाशी विचारलेल्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर येथे मिळते.

आता दुसरी बाजू. रानडे कॉलेजात असतानाची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी अमलाशी तुलना केली आणि मराठ्यांचे पारडे जड ठरविले. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट हे मोठे विद्वान, ॲरिस्टॉटलचे अभ्यासक, आणि रानड्यांवर त्यांचा लोभही होता. तरी त्यांनी रानड्यांना बोलावून समज दिली की जे सरकार तुम्हांला शिकवीत आहे त्यालाच नावे ठेवणे शोभत नाही, आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली.

सहा महिने! ज्याचे राहणे-जेवणे त्या पैशावर आहे त्या मुलाला याचा अर्थ काय होतो, हे खाणावळीचे बिल थकविलेल्या कोणालाही समजेल. ग्रँटसाहेब दुष्ट नव्हते. म्हणूनच ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सात घरच्या यजमानांनी जे न बोलता शिकविले तेच त्यांनी बोलून दाखविले. आधार आणि आवाज या दोन्ही गोष्टी एकाच हातातून यावयाच्या असल्या की पहिलीची किंमत दुसरीने चुकती करावी लागते. रानडे काही गप्प बसले नाहीत; मराठ्यांच्या इतिहासावर त्यांनी पुढे १९०० साली ग्रंथच प्रसिद्ध केला. परंतु रानडे एक असतात. शिष्यवृत्ती जाईल म्हणून निबंधातली ती ओळ खोडून टाकणारे शंभर असतात, आणि त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

मुलींच्या बाबतीत तर ओळ खोडायलाही कोणी बोलावले नाही. नाशिकास जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एकटी मुलगी होती. तिने परीक्षेत इलाख्यात वरचे स्थान मिळविले. त्या स्थानाबरोबर विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती येत असे. ती तिला मिळाली नाही, कारण ती मुलगी होती. पुढे इंग्लंडातील काही लोकांनी वर्गणी काढून तिला ऑक्सफर्डला धाडले.

धोंडो केशव कर्व्यांची पायपीट सर्वांना माहीत आहे. १८७५ साली ते मुरुडहून सह्याद्री ओलांडून चालत साताऱ्यास परीक्षेला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून परत पाठविले गेले. असा अनुभव घेतलेला माणूस एक तर कडवट होतो किंवा दुसऱ्यासाठी वाट मोकळी करतो. कर्व्यांनी दुसरे केले. त्यांनी आपल्या नात्यातल्या रघुनाथ परांजपे या कोकणातल्याच मुलाला शिक्षणासाठी मुंबईत आपल्यापाशी ठेवून घेतले. हा मुलगा १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला, परत आला, आणि १९०२ साली फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. आधारातून उभा राहिलेला विद्यार्थी आता स्वतः आधार देण्याच्या खुर्चीवर बसला. १९०५ साली पुण्यात विद्यार्थ्यांनी परदेशी कापडाची होळी केली. तिच्यात पुढाकार घेणारा विद्यार्थी विनायक सावरकर फर्ग्युसनच्या वसतिगृहात राहत होता. परांजप्यांनी त्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. टिळकांनी 'केसरी'त प्राचार्यांवर कोरडे ओढले.

परांजप्यांची बाजू अगदीच लंगडी होती असे मी म्हणणार नाही. सरकारची मर्जी फिरली असती तर कॉलेजच बंद पडते, आणि शेकडो मुलांचे वर्ष बुडते, हा विचार प्राचार्याच्या मनात येणारच. शाळेत मुख्याध्यापकाची खुर्ची ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना तो कळतो. तरी पण दंडाच्या दहा रुपयांपेक्षा वसतिगृहातून काढणे हीच खरी शिक्षा होती. खोली आणि जेवण ही बोलण्याची जामीन म्हणून ठेवली गेली. रानड्यांच्या शिष्यवृत्तीचीच ही पुढली आवृत्ती.

आता वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावाकडे वळू. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे तेथले. मुंबईत विल्सन हायस्कुलात शिक्षक, शिवाजीमहाराजांचे चरित्रकार. सायंकाळी ते चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथेच आणखी एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन येऊन बसे. मास्तरांनी चौकशी केली. मुलाचे नाव भीमराव आंबेडकर. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, त्याचा सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर केळुसकरांनी जे केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. पुस्तक देऊन, पाठ थोपटून ते घरी गेले नाहीत. कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा ते मुलाला घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले, आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली.

एल्फिन्स्टन कॉलेजात त्या मुलाचे पहिले वर्ष कसे गेले? प्रोफेसर मुल्लर त्याला पुस्तके देत, कपडेही देत. आणि कॉलेजातला हॉटेलवाला त्याला चहा-पाणी देत नसे. एकाच इमारतीत, एकाच दिवशी, या दोन्ही गोष्टी घडत होत्या. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे घर. बाकीची निजली म्हणजे याचा अभ्यास सुरू. तहान लागली तर कोणाकडे तक्रार करायची? तक्रार ऐकणारा अधिकारी कॉलेजात नव्हता, आणि ज्या विद्यार्थ्यांनी मिळून ती मांडायची त्यांच्यातलाही तो कोणी मानला जात नव्हता.

या मुलाने पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. त्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्या पहिल्या वर्षाची आठवण जागी असल्याशिवाय सुचू नयेत. कॉलेज सकाळचे ठेवले, कारण गरिबाचा मुलगा दिवसा नोकरी करतो. आणि विद्यार्थ्यांची स्वतःची पार्लमेंट भरू लागली. सत्ताधारी पक्ष, विरोधी पक्ष, ठराव, सगळे रीतसर. १९५० च्या जानेवारीत देशाचे कायदेमंत्री स्वतः त्या पोरांच्या पार्लमेंटपुढे हिंदू कोड बिलावर बोलावयास उभे राहिले. दिल्लीतल्या पार्लमेंटने त्या बिलाचे पुढे काय केले ते आपण जाणतोच. सिद्धार्थच्या मुलांनी निदान ते ऐकून तरी घेतले.

घाटावरही हेच प्रयत्न चालले होते. कोल्हापुरास शाहूमहाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यामागून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली. कित्येकांना हे जातवार वसतिगृह पटत नाही. मलाही वाचताना ते खटकत असे. पण शेतकऱ्याचा मुलगा राजाराम कॉलेजात यायचा तर त्याला शहरात पहिल्या रात्री निजायला जागा पाहिजे होती, आणि सर्वांच्या म्हणविल्या जाणाऱ्या जागी ती त्याला मिळत नव्हती, हे महाराजांनी डोळ्यांनी पाहिले होते. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. पदरात पैसा नव्हता, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा मोडले. १९४७ साली त्यांनी काढलेल्या शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' ही योजना आली. मुलाने शेतात, बागेत काम करावे आणि आपले शिक्षण आपल्या घामाने विकत घ्यावे. वार लावून जेवणाऱ्या मुलाची खाली गेलेली मान वर करण्याचा याहून सरळ उपाय मला दिसत नाही. पण १९४८ साली काय झाले पाहा. भाऊराव सरकारवर उघड बोलले, म्हणून आपल्याच स्वराज्याच्या सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. लोकांनी आवाज उठविल्यावर ते पुन्हा चालू झाले. ग्रँटसाहेब गेले होते. त्यांचा शिरस्ता राहिला होता.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट मराठवाड्याची आहे. निजामी राज्यात उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. औरंगाबाद, परभणी, नांदेडकडची मराठी मुले कॉलेजात गेली की पहिले वर्ष दुप्पट परके. १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील वसतिगृहाच्या मुलांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणावयास सुरुवात केली. मनाई झाली. मुलांनी ऐकले नाही. हे लोण हैदराबादला विद्यापीठाच्या वसतिगृहात पोचले आणि तेथून शेकडो मुले काढली गेली. माफी लिहून द्या, परत या, असा मार्ग होता. पुष्कळांनी तो घेतला नाही.

अशी शेकडो मुले रस्त्यावर आली. घरी परत जावे तर बापाने कर्ज काढलेले. दुसऱ्या विद्यापीठात जावे तर काढून टाकलेल्या मुलाला कोण घेतो? तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी दार उघडले. त्या मुलांना नागपुरात प्रवेश मिळाला. त्यांत एक तेलंगणातला मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव, तो पुढे देशाचा पंतप्रधान झाला. पण पंतप्रधान झाला म्हणून केदारांचे कृत्य मोठे ठरते असे नाही. जे पंतप्रधान झाले नाहीत, कोठे तालुक्याच्या गावी वकील-मास्तर होऊन राहिले, त्यांच्यासाठीही ते तेवढेच मोठे होते. एका विद्यापीठाने बोलले म्हणून घराबाहेर काढलेल्या मुलांना दुसऱ्या विद्यापीठाने अटी न घालता घरात घ्यावे, याचे उदाहरण आपल्या इतिहासात मला क्वचितच सापडते.

इतके मोठे प्रसंग आमच्या गावच्या मुलांच्या वाट्याला आले नाहीत. त्यांचे कष्ट साधे होते. कोकणात कॉलेज फार उशिरा आले. रत्नागिरीस १९४५ साली, सावंतवाडीस १९६१ साली. त्याआधी मॅट्रिक झालेल्या मुलाने मुंबई गाठायची ती आगबोटीने. पावसाळ्यात समुद्र खवळला की आगबोटी बंद, आणि कॉलेजे उघडणार ती नेमकी जून महिन्यात. तेव्हा मुलगा मे अखेरच बंदरावर ट्रंक घेऊन उभा. 'झिला, पोचल्याचा पत्र धाड हां,' एवढेच आईचे बोलणे. बोट सुटली की दसरा-दिवाळीपर्यंत घर दुरावले. मुंबईत लालबाग-परळकडे गावकऱ्यांच्या मंडळाच्या खोल्या असत. एका खोलीत वीस-पंचवीस गिरणीकामगार, पाळ्यांप्रमाणे निजणारे. त्यांच्यात हा एक कॉलेजात जाणारा. रात्रपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागी हा पथारी पसरी. दिवा जाळला तर दुसऱ्याची झोप मोडते, म्हणून पुस्तक घेऊन रस्त्याच्या दिव्याखाली जाई. कापडखात्यातल्या त्या निरक्षर माणसांनी खाणावळवालीला सांगून ठेवलेले असे की पोराच्या ताटात एक भाकरी जास्ती घाल. या आधाराची नोंद कोणत्याही विद्यापीठाच्या कॅलेंडरात नाही. आणि ग्रँटसाहेबांप्रमाणे त्याबद्दल त्यांनी कधी काही मागितले असेही ऐकिवात नाही. फार तर, गावाकडचे पत्र वाचून दाखव, उत्तर लिहून दे, इतकेच.

स्वातंत्र्यानंतर कॉलेजे वाढली, विद्यार्थ्यांच्या निवडणुकाही होऊ लागल्या, आणि त्यांत जे शिरायचे ते शिरले. बाहेरचे पक्ष आले, पैसा आला, हाणामाऱ्या झाल्या, जीवही गेले. शेवटी १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाने निवडणुकीची वाटच बंद केली. वर्गाचा प्रतिनिधी मतांनी न ठरता गुणांनी ठरावा, मागल्या परीक्षेत ज्याचे गुण अधिक तो प्रतिनिधी, असा नियम झाला. पहिल्या वर्षाच्या वर्गात याचा परिणाम काय होतो? मागली परीक्षा म्हणजे बारावीची. कॉलेजचे दार ज्याने कालच पाहिले, वर्गातल्या दहा मुलांचीही नावे ज्याला ठाऊक नाहीत, तो गुणपत्रिकेवरून त्यांच्या वतीने बोलणारा ठरला. बरे, जो नापासाच्या उंबरठ्यावर आहे, ज्याला इंग्रजी कळत नाही, ज्याची खोली मिळायची आहे, त्याचे गाऱ्हाणे पहिल्या नंबरच्या मुलाला कळावे तरी कसे? बावीस वर्षे हे असे चालले. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने मतपेटी परत आणली. प्रत्येक वर्गाने आपला प्रतिनिधी निवडावा, सर्वांनी मिळून अध्यक्ष व सचिव निवडावेत, एक जागा विद्यार्थिनीची, एक मागासवर्गीयांची, असे त्यात लिहिले आहे. २०१९ साली निवडणुका घेण्याचे ठरले, आणि विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आल्या म्हणून त्या पुढे ढकलल्या गेल्या. थोरांची निवडणूक आली की पोरांची मागे पडायचीच.

आधाराच्या बाजूने मात्र कागदावर पुष्कळ झाले आहे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ साली स्वतंत्र कायदा केला. २०१९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या मुलांच्या स्वागतासाठी 'दीक्षारंभ' नावाची योजना सांगितली. आल्या आल्या मुलाला वर्गात कोंबू नये, काही दिवस त्याला संस्थेची, माणसांची, परिसराची ओळख करून द्यावी, असा तिचा आशय. १८४८ च्या पोरांनी हे कोणत्याही परिपत्रकावाचून केले होते, पण चांगली गोष्ट दुसऱ्यांदा सुचली तरी चांगलीच म्हणायची.

आणि पुढच्याच वर्षी, २०२० साली, करोना आला. त्या वर्षी पहिल्या वर्षात दाखल झालेल्या मुलांनी कॉलेज पाहिलेच नाही. मुंबईस ट्रंक गेली नाही, मालवणच्या एस.टी.ची गर्दी झाली नाही. वर्ग मोबाइलच्या काचेवर भरला. आमच्या जिल्ह्यात कित्येक वाड्यांवर घरात रेंज मिळत नाही, डोंगरावर मिळते. तेव्हा भर पावसात मुले डोंगरावर चढली. कोठे भावांनी बहिणीसाठी, कोठे बापाने लेकीसाठी वर एक खोप उभी करून दिली. चार मेढी, वर ताडपत्री, खाली फळी. पाऊस ताडपत्रीवर वाजे, आणि त्या आवाजात मुलगी कान देऊन प्राध्यापकांचे बोलणे ऐके. शिकविताना गोंगाट होऊ नये म्हणून मुलांनी आपापल्या बाजूचा आवाज बंद ठेवावा, अशी तासाच्या सुरुवातीलाच सूचना असे.